वाचकांचे प्रश्न : राज्याचे मंत्रिमंडळ, निवडणुकीचे वेळापत्रक आणि घटनादुरुस्ती

लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठी आणलेल्या ‘एक देश, एक निवडणूक’ या विधेयकावरच्या, म्हणजे १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकावरच्या, लेखानंतर बरीच पत्रे आली. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे घेतले आहेत. जी विधेयके अजून चर्चेच्या टप्प्यावर आहेत, त्यांच्याबद्दलचे विवेचन संसदेत मांडलेल्या मसुद्यावर आधारलेले आहे. संमत होताना मजकूर बदलला तर हिशेबही बदलेल.

सरपंच थेट जनतेतून निवडता येतो, मग मुख्यमंत्री का नाही? महाराष्ट्र विधानसभेने तसा ठराव केला तर पुरेल का? (सातारा)

पुरणार नाही. सरपंच कसा निवडावा हे राज्याच्या कायद्याने ठरते, कारण अनुच्छेद २४३ग(५) मध्ये राज्यघटनेनेच ते राज्यावर सोपवले आहे. म्हणून तर महाराष्ट्रात २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. सरकार बदलले की पद्धत बदलली. मुख्यमंत्र्याचे पद मात्र राज्यघटनेच्या सहाव्या भागात बांधलेले आहे. राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतात आणि मंत्रिपरिषद विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, असे अनुच्छेद १६४ सांगतो. तो बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३६८ खाली फक्त संसदेला आहे. विधानसभेचा ठराव म्हणजे केंद्राला केलेली विनंती, त्यापलीकडे त्याला वजन नाही.

राज्याच्या ठरावाला खरी किंमत असलेली एक जागा आहे, ती अनुच्छेद १६९. विधान परिषद हवी किंवा नको, असा ठराव विधानसभेने एकूण सदस्यांच्या बहुमताने आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांशाने केला, तर संसद साध्या कायद्याने तसे करू शकते आणि ती घटनादुरुस्ती मानली जात नाही. आंध्र प्रदेशाची परिषद १९८५ मध्ये याच वाटेने गेली आणि २००७ मध्ये याच वाटेने परत आली.

आपल्या राज्यप्रमुखांची पदे स्वतः बदलण्याचे उदाहरण भारतात एकच, जम्मू-काश्मीरचे. त्या राज्याला स्वतःची घटना होती. १९६५ मध्ये तिच्यात दुरुस्ती करून ‘सदर-ए-रियासत’चा राज्यपाल आणि ‘वजीर-ए-आझम’चा मुख्यमंत्री झाला. २०१९ नंतर ती घटनाही उरली नाही.

समजा, संसदेने मुख्यमंत्र्याची थेट निवड आणायची ठरवली. नुसता १६४ बदलून भागणार नाही. मुख्यमंत्री एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, असे झाले तर अर्थसंकल्पाच्या मागण्या कोण मंजूर करणार? अविश्वास ठराव आला तर कोणी जायचे, मुख्यमंत्र्याने की सभागृहाने? म्हणजे १६३, १६४, १७४ आणि २०२ ते २०७ हे सगळे पुन्हा लिहावे लागतील. इस्रायलने पंतप्रधानाच्या थेट निवडणुकीचा प्रयोग केला. १९९६, १९९९ आणि २००१ अशा तीनदा तशी निवड झाली. मतदारांनी पंतप्रधान एकाला निवडले आणि संसदेसाठी छोट्या पक्षांना मते दिली. संसद आणखी विखुरली आणि २००१ मध्ये तो कायदा रद्द झाला. शिवाय १९७३ च्या केशवानंद भारती निकालाची, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीची, कसोटी आपल्याकडे लागेल ती वेगळीच.

महाराष्ट्रात जास्तीत जास्त किती मंत्री करता येतात? दोन उपमुख्यमंत्री त्यात धरतात की वेगळे? (नागपूर)

त्रेचाळीस, मुख्यमंत्र्यांसह. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १६४ मध्ये (१क) हा खंड घातला. त्यानुसार मंत्र्यांची एकूण संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. महाराष्ट्राच्या २८८ जागांचे १५ टक्के म्हणजे ४३.२. विधान परिषदेतल्या आमदाराला मंत्री करता येते आणि तो या त्रेचाळीसमध्येच मोजला जातो. टक्केवारी काढताना मात्र परिषदेच्या ७८ जागा धरायच्या नाहीत. ही चूक वृत्तपत्रांतही अधूनमधून दिसते. कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री सगळे एकाच मोजणीत येतात. उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाहीच. घटनेच्या नजरेत तो एक मंत्री, म्हणून तोही त्यातच.

लहान राज्यांसाठी तळाची मर्यादा बाराची आहे. गोव्याच्या ४० जागांचे १५ टक्के सहा होतात, तरी तिथे बारा मंत्री चालतात. हिमाचलचे ६८ जागांवर १०.२ येतात, तिथेही बारा. दिल्लीला हा नियम लागू नाही. तिथे अनुच्छेद २३९कक खाली १० टक्के, म्हणजे ७० जागांवर सातच.

वाद होतात ते दोन ठिकाणी. पहिले अपूर्णांकाचे. हरियाणाच्या ९० जागांवर १३.५ येतात आणि तिथे चौदा मंत्री केल्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ‘अधिक असता कामा नये’ असे शब्द असताना वर पूर्णांक करणे आम्हांला पटत नाही. दुसरा वाद छेदाचा. २०२० मध्ये मध्य प्रदेशात २३० पैकी २४ जागा रिकाम्या असताना मंत्रिमंडळ चौतीसवर नेले. २३० धरले तर मर्यादा ३४ आणि हजेरीपटावरचे २०६ धरले तर ३०. एकूण सदस्यसंख्या म्हणजे मंजूर जागा की प्रत्यक्ष सदस्य, हा मुद्दा मसुदा लिहितानाच एका वाक्यात मिटवता आला असता. तो राहिला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

मर्यादा आली तशा पळवाटाही निघाल्या. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये ९३ मंत्र्यांचे मंत्रिमंडळ होते. ९१ व्या दुरुस्तीनंतर तिथे साठच बसतात. उरलेल्यांची सोय करण्यासाठी अनेक राज्यांनी ‘संसदीय सचिव’ नेमले. आसामच्या तशा कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने २६ जुलै २०१७ रोजी सांगितले की, असे पद निर्माण करणारा कायदा करण्याचा अधिकारच राज्य विधिमंडळाला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचलच्या उच्च न्यायालयाने सहा मुख्य संसदीय सचिवांच्या नेमणुका आणि त्यामागचा २००६ चा कायदा, दोन्ही रद्द केले. उरली महामंडळे. अध्यक्षाला ‘राज्यमंत्री दर्जा’ मिळतो, पण दर्जा म्हणजे मंत्रिपद नव्हे, म्हणून तो मोजणीत येत नाही. तिथे अडचण अनुच्छेद १९१ मधल्या, आमदाराला अपात्र ठरवणाऱ्या लाभाच्या पदाची असते आणि त्यातून सूट देणारा कायदा राज्य स्वतः करू शकते.

आमदार नसलेली व्यक्ती किती दिवस मंत्री राहू शकते? (जळगाव)

सलग सहा महिने, अनुच्छेद १६४(४). तेवढ्यात दोन्हींपैकी एका सभागृहाचे सदस्य व्हावेच लागते. एक दिवस राजीनामा देऊन पुन्हा शपथ घ्यायची आणि घड्याळ शून्यावर आणायचे, हा उपाय पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बंद केला. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते. मुदत मे २०२० च्या अखेरीस संपत होती आणि करोनामुळे परिषदेची निवडणूक थांबली होती. शेवटी आयोगाने मे महिन्यात ती घेतली आणि ते बिनविरोध निवडून आले.

लोकसभा आणि विधानसभा एकत्र घ्यायच्या तर २०२९ मध्ये महाराष्ट्रात नेमके काय होईल? आपली विधानसभा मुदतीआधी जाईल का? (पुणे)

२०२९ मध्ये नाही. मसुद्याप्रमाणे सध्याच्या एकाही विधानसभेची मुदत कापली जात नाही. कापली जाते ती त्यानंतरची. हे समजण्यासाठी तीन तारखा हाताशी ठेवाव्या लागतात.

सभागृहाची पाच वर्षे मतदानापासून किंवा निकालापासून मोजत नाहीत, पहिल्या बैठकीपासून मोजतात. सध्याची लोकसभा २४ जून २०२४ ला पहिल्यांदा बसली, म्हणून तिची मुदत २३ जून २०२९ पर्यंत. महाराष्ट्राची विधानसभा ७ डिसेंबर २०२४ ला बसली, म्हणून ६ डिसेंबर २०२९ पर्यंत. तिसरी तारीख आहे १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकातला ‘नियत दिनांक’. विधेयकातला नवा अनुच्छेद ८२क सांगतो की, सार्वत्रिक निवडणुकीनंतर लोकसभा पहिल्यांदा बसेल त्या दिवशी राष्ट्रपती अधिसूचना काढू शकतात आणि तोच नियत दिनांक. त्यानंतरच्या निवडणुकांतून येणारी प्रत्येक विधानसभा, तिची पाच वर्षे झालेली असोत वा नसोत, त्या लोकसभेबरोबर संपेल.

अधिसूचना २०२९ च्या लोकसभेच्या पहिल्या बैठकीला निघाली असे धरू. ती लोकसभा २०३४ च्या मध्यापर्यंत चालेल. महाराष्ट्रात २०२९ च्या अखेरीस नेहमीप्रमाणे निवडणूक होईल आणि ती विधानसभा २०३४ च्या मध्याला संपेल. आपले नुकसान सुमारे सहा महिन्यांचे, म्हणजे किरकोळच. इतरांचे तसे नाही. तमिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये २०३१ मध्ये निवडलेल्या सभागृहाला साधारण तीन वर्षे मिळतील. उत्तर प्रदेशात २०३२ मध्ये निवडलेल्याला दोनच. गुजरात आणि हिमाचलला सुमारे दीड वर्ष, कर्नाटकाला २०३३ नंतर एक. सर्वांत विचित्र स्थिती मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि तेलंगणाची. तिथली २०२८ ची निवडणूक नियत दिनांकाच्या आधी होते, म्हणून ते सभागृह २०३३ च्या अखेरपर्यंत पूर्ण चालेल. त्यानंतरचे सभागृह जेमतेम सहा महिन्यांचे. सहा महिन्यांसाठी आचारसंहिता, प्रचार, खर्च, शपथविधी सारे करायचे आणि लगेच पुन्हा तेच! निवडणुका कमी व्हाव्यात म्हणून आणलेल्या तरतुदीतून संक्रमणाच्या काळात एक जादा निवडणूक निघते, ती अशी.

एखाद्या विधानसभेची निवडणूक लोकसभेबरोबर घेणे शक्य नाही, असे आयोगाचे मत झाले तर राष्ट्रपती ती पुढे ढकलू शकतात. पण मग त्या सभागृहाची मुदत पुढे वाढत नाही, तेही इतरांबरोबरच संपते.

घटना न बदलता महाराष्ट्रापुरते एकत्र मतदान घेता येईल का, असेही याच पत्रात विचारले आहे. १९९९ मध्ये झाले होते. १९९५ मध्ये निवडलेली विधानसभा काही महिने आधी विसर्जित केली आणि सप्टेंबर १९९९ मध्ये दोन्ही मतदाने एकदम झाली. ती जोडी पाच वर्षेही टिकली नाही, कारण लोकसभा फेब्रुवारी २००४ मध्येच विसर्जित झाली. लोकसभेचे मतदान एप्रिलमध्ये झाले आणि विधानसभा आपल्या मुदतीने ऑक्टोबरला आली. तेव्हापासून हे अंतर वाढतच आहे. २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये मतदान ऑक्टोबरात झाले. २०१९ ला सरकार बनायला उशीर झाला, पहिली बैठक २७ नोव्हेंबरला गेली, म्हणून २०२४ चे मतदान २० नोव्हेंबरला. पुढच्या खेपेला मुदत डिसेंबरपर्यंत सरकली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५ प्रमाणे मुदत संपायला सहा महिन्यांहून जास्त काळ उरलेला असताना अधिसूचना काढता येत नाही. म्हणजे २०२९ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्याआधी नाही. तोवर लोकसभेची निवडणूक उरकलेली असेल. विधानसभा मुद्दाम विसर्जित करणे एवढाच मार्ग राहतो आणि आमदारांना त्यासाठी राजी करणे हे घटनादुरुस्तीपेक्षा सोपे आहे असे मुळीच समजू नये.

मध्येच सरकार पडले तर? उरलेली तीन वर्षे राष्ट्रपती राजवट राहणार का? (कोल्हापूर)

नाही, निवडणूक होईल. फक्त नव्या सभागृहाला पाच वर्षे मिळणार नाहीत, आधीच्या सभागृहाची उरलेली मुदतच मिळेल. विधेयक अनुच्छेद ८३ आणि १७२ मध्ये ‘पूर्ण मुदत’ व ‘उर्वरित मुदत’ असे दोन शब्द आणते आणि अशा निवडणुकीला मध्यावधी निवडणूक म्हणते.

कल्पना नवी नाही. विसर्जित नगरपालिकेच्या जागी आलेली नगरपालिका उरलेल्या काळापुरतीच असते, हे १९९३ पासून अनुच्छेद २४३प मध्ये आहे. पण तिथे एक शहाणपणाची ओळ आहे. उरलेला काळ सहा महिन्यांहून कमी असेल तर निवडणूक घेण्याची गरज नाही. विधानसभेच्या मसुद्यात तशी किमान मुदत घातलेली नाही. चौथ्या वर्षाच्या अखेरीस सरकार पडले तर वर्षभरासाठी सभागृह निवडायचे की कसेबसे जोडतोड करून चालवायचे, हा पेच येईल. आमदारांचा कल अर्थातच जोडतोडीकडे राहील. मसुद्यातली दुरुस्त होण्याजोगी सर्वांत मोठी उणीव आमच्या मते हीच.

विधेयकाच्या बाजूने २६९ आणि विरोधात १९८ मते पडली, मग ते मंजूर का झाले नाही? राज्यांची संमती लागेल का? (लातूर)

ते मतदान १७ डिसेंबर २०२४ रोजी विधेयक मांडू द्यावे की नाही एवढ्यापुरते होते आणि त्याला साधे बहुमत पुरते. विधेयक त्यानंतर संयुक्त समितीकडे गेले. संमत करताना अनुच्छेद ३६८ चे दोन निकष एकाच वेळी पुरे व्हावे लागतात. सभागृहाच्या एकूण सदस्यांचे बहुमत हा पहिला, हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश हा दुसरा. लोकसभेत ५४३ चे बहुमत म्हणजे २७२. पाचशे जणांनी मत दिले तर दुसऱ्या निकषाला ३३४ लागतात, सगळ्यांनी दिले तर ३६२. चारशेच जणांनी दिले तर दोन तृतीयांश २६७ होतात, पण २७२ ची अट तरीही सुटत नाही. त्या दिवशी ४६७ मते पडली होती. तेवढीच पडली असती तर ३१२ लागली असती, म्हणजे ४३ कमी पडली. राज्यसभेत २४५ चे बहुमत १२३ आणि वर पुन्हा दोन तृतीयांश. दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घटनादुरुस्तीसाठी घेता येत नाही. राष्ट्रपतींना संमती नाकारता येत नाही, ती पळवाट १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीने बंद झाली.

राज्यांच्या संमतीचे उत्तर शब्दशः पाहिले तर ‘नाही’ असे आहे. निम्म्या राज्यांचे, म्हणजे २८ पैकी १४ विधिमंडळांचे अनुसमर्थन कशाला लागते याची यादी ३६८(२) मध्येच आहे. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र व राज्याच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती, सर्वोच्च व उच्च न्यायालये, सातव्या अनुसूचीतल्या याद्या, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व आणि खुद्द ३६८. विधेयक ज्यांना हात लावते ते ८३, १७२ आणि ३२७ या यादीत नाहीत. गंमत म्हणजे मंत्रिपरिषदेबद्दलचे १६३ आणि १६४ सुद्धा नाहीत, त्यांच्या शेजारचा १६२ तेवढा आहे. विरोधकांचा आक्षेप वेगळ्या पायावर आहे. यादीत नसले तरी राज्याच्या सभागृहाचे आयुष्य लोकसभेच्या आयुष्याला बांधणे हे संघराज्याच्या मुळावर येते, असे ते म्हणतात.

एकत्र निवडणुकांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या रामनाथ कोविंद समितीने १४ मार्च २०२४ च्या अहवालात दुसरा टप्पा सुचवला होता. स्थानिक संस्थांच्या निवडणुका त्यानंतर शंभर दिवसांत घ्यायच्या आणि मतदारयादी एकच ठेवायची. त्याला मात्र राज्यांचे अनुसमर्थन लागेल, असे समितीनेच म्हटले आहे.

तुरुंगातून मुख्यमंत्रिपद चालवता येणार नाही, असा कायदा झाला का? (रत्नागिरी)

कायदा नाही, विधेयक. १३० वी घटनादुरुस्ती २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडली आणि संयुक्त समितीकडे सोपवली. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग ३० दिवस अटकेत राहिलेल्या मंत्र्याला मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल ३१ व्या दिवशी दूर करतील. सल्ला दिला नाही तर दुसऱ्या दिवसापासून पद आपोआप जाईल. मुख्यमंत्री स्वतः अटकेत असेल तर त्याने ३१ व्या दिवसापर्यंत राजीनामा द्यायचा, नाहीतर तेच. सुटकेनंतर पुन्हा नेमणूक होऊ शकते. ‘सलग’ आणि ‘अटकेत’ हे दोन शब्द महत्त्वाचे. दोषसिद्धी किंवा आरोपनिश्चितीची अट नाही. एकोणतिसाव्या दिवशी जामीन मिळाला तर मोजणी तुटते. म्हणजे पदाचा निकाल खटल्यापेक्षा जामिनाच्या तारखेवर ठरेल.

राज्यघटनेत पाच वर्षे लिहिलेली असताना आमच्या महापालिकेत चार वर्षे प्रशासक कसा राहिला? (मुंबई)

२४३प(३) स्पष्ट सांगतो की, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात ओबीसी आरक्षणाचे खटले आणि प्रभागरचनेत पुन्हा पुन्हा केलेले बदल यांत निवडणूक अडकली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा, असे सांगितले तेव्हा चाके हलली आणि तरीही नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली.

हे घडू शकले, कारण अनुच्छेद तारीख सांगतो, पण ती चुकली तर काय हे सांगत नाही. मतदान घेणे राज्य निवडणूक आयोगाचे काम. प्रभागांची संख्या आणि आरक्षणाचा कायदा मात्र राज्य सरकारच्या हातात. कायदा ऐन वेळी बदलला की आयोगाला प्रभागरचना, हरकती, सुनावणी, आरक्षण सोडत आणि मतदारयादीचे विभाजन हे सगळे पहिल्यापासून करावे लागते. मुदत संपण्याआधी अमुक महिने प्रभागरचनेचा कायदा बदलता येणार नाही आणि बदललाच तर ही निवडणूक जुन्या रचनेवर होईल, एवढे एक वाक्य २४३प मध्ये घातले असते तर प्रशासकाचा काळ बराच आटोपला असता. दोन्ही निवडणुका जोडणाऱ्या दुसऱ्या टप्प्याचा मसुदा येईल तेव्हा त्यात हे वाक्य आहे का, ते आधी पाहावे. शंभर दिवसांची मुदत वाचायची ती त्यानंतर.